सहा किलोचा घाव

मित्रांनो, देवीलालच्या ओसरीत गंज खात पडलेला सहा किलोचा जुना घण मी. पांढरकवड्याच्या लोहाराने ट्रकच्या मोडक्या एक्सलमधून मला घडवलं. लालभडक तापवून त्याने मला असं झोडपलं, की मार खाणं आणि मार देणं एवढंच मला ठाऊक झालं.

बारा वर्षं मी देवीलालच्या हातून विहिरींचा काळा दगड फोडला. "घण असावा तं असा," लोक म्हणत.

गेल्या उन्हाळ्यात त्याचा धाकटा भाऊ कपिल याने हाक न देताच सुरुंग उडवला. दोन मजूर थोडक्यात वाचले. देवीलालने सगळ्यांदेखत त्याच्या कानाखाली वाजवली. मजूर पांगले. कपिलने मला उचललं आणि आडवं फिरवलं. देवीलालच्या गुडघ्याचं हाड फुटलं. दगड फुटताना असा ओला आवाज होत नाही.

"घण जड होता, हातून सुटून पायावर पडला," कपिलने गावाला सांगितलं. देवीलालने त्याला खोटं पाडलं नाही. तो कायमचा लंगडा झाला आणि मी कोपऱ्यात गेलो.

त्याची मुलगी स्पृहा आठवीत आहे. तिच्या मंदार सरांनी जड वस्तू मागवल्या, तेव्हा तिने मला शाळेत नेलं. सरांनी मला ताणकाट्याला टांगलं.

"इथे सहा किलो. मंगळ लहान आणि हलका, तिथे हाच काटा सव्वादोन दाखवेल. चंद्रावर एकच. शनीचं वस्तुमान पृथ्वीच्या पंचाण्णव पट, पण तो एवढा फुगलेला, की त्याच्या ढगांच्या माथ्यावर वजन जवळपास इथल्याएवढंच. केंद्रापासून जितकं लांब, तितकी ओढ कमी."

स्पृहाने विचारलं, "सर, चंद्रावर हा माह्या बाबाच्या पायावर पडला असता तं?"

"सावकाश पडला असता. कदाचित पाय वाचला असता. पण कोणी आडवा फिरवून मारला असता, तर तिथेही हाड मोडलंच असतं. वजन घटतं, वस्तुमान नाही."

बाबाच्या गुडघ्यावरचा व्रण बाजूला आहे, हे स्पृहाला आठवलं. संध्याकाळी ती बाबाच्या देखत कपिलसमोर उभी राहिली. "काका, वरून पडलेला घण बाबाच्या गुडघ्याले बाजूनं कसा लागला?"

"मीच मारला," कपिल म्हणाला. "दादा, मले माफ कर."

"एवढंच आयकाचं होतं मले," देवीलाल म्हणाला. त्याने भावाला जवळ घेतलं नाही, पण घरातून हाकललंही नाही.

मित्रांनो, मला खाली पृथ्वी ओढते, आडवा मात्र माणूसच फिरवतो. माझा दांडा कुजला तर कुजू द्या, पण संतापलेला हात माझ्यापर्यंत पोचू देऊ नका.