तिसऱ्या पायरीवरचं दगडफूल

“मेलेल्या माणसांचे कागद उघडून वाचताना तुम्हांला लाज नाही वाटत?”

खरं तर हा प्रश्न भोंग्याचा नव्हताच. विद्यापीठाच्या अभिलेखागारात सगळ्या वर्गादेखत तो विचारून दाखवायचा, अशी पैज मैत्रिणींनी बसमध्ये लावली होती. गेल्या वर्षीपर्यंत हजेरीलासुद्धा जिच्या तोंडून आवाज फुटत नसे, तिला वक्तृत्वाचं बक्षीस काय मिळालं, तेव्हापासून ती थांबायचं नाव घेत नव्हती. म्हणून तर नाव पडलं भोंगा.

वर्गशिक्षिकेने कपाळाला हात लावला. अभिलेखागाराच्या मॅडमना मात्र हसू आलं.

“कधीकधी वाटते. तूच वाच आणि सांग. बाकीचे वरचं दालन बघून या, ही इथेच थांबेल.”

“अडकली गं अडकली!” मैत्रिणी खिदळत पसार झाल्या.

भोंग्याला मनातून बरंच वाटलं. घरी जायची घाई कुणाला होती? संध्याकाळी आईबाबांना ‘हो’ सांगायचं होतं. दोघंही दातांचे डॉक्टर. लेकीनेही तेच व्हायचं हे इतकं पक्कं, की दवाखान्यात तिच्या नावाची खुर्चीसुद्धा येऊन बसली होती. भोंग्याला दात अजिबात आवडत नव्हते, पण दुसरं काही जीव टाकावा असं आवडतही नव्हतं. मग ‘नाही’ म्हणायचं ते कशाच्या जोरावर?

मॅडमनी राखाडी पुठ्ठ्याची एक पेटी टेबलावर आणून ठेवली. “जीवशास्त्राच्या एक प्राध्यापकबाई होत्या, त्यांचे कागद. हात धुऊन ये. आणि पेन बाहेर. इथे फक्त शिसपेन्सिल चालते.”

पेटीत आरपार दिसणाऱ्या पातळ कागदांचा गठ्ठा होता. प्रत्येकावर पेन्सिलीने काढलेला एक वेडावाकडा आकार, खाली तारीख, आणि दरवेळी तेच शब्द : ग्रंथालय, मागचा जिना, खालून तिसरी पायरी.

“हे काय, ढग?”

“दगडफूल. दगडावर राखाडी-हिरवी खपली धरते ना, ती. बाई दरवर्षी त्यावर कागद ठेवून कड गिरवायच्या. नोकरीला लागल्यापासून पार शेवटच्या वर्षापर्यंत.”

“एवढंच? कशासाठी?”

“मला काय विचारतेस? मी कुठे जीवशास्त्र शिकलेय?”

खालून दिवा लागणारं काचेचं टेबल होतं. भोंग्याने कागद तारखेनुसार घेतले, कडेला कड, कोपऱ्याला कोपरा जुळवून एकावर एक रचले आणि दिवा लावला. नुसता गुंता!

“मॅडम, तुमच्या बाईंनी घोळ घातलाय! या वर्षी दगडफूल इकडे, पुढच्या वर्षी तिकडे. फिरायला जायचं की काय ते?”

मॅडम वाकल्या. “खरंच की गं. कशाचा कशाला मेळ नाही.”

भोंगा हसणारच होती, तेवढ्यात तिला एक केसाएवढी रेघ दिसली. कोपरात वाकवलेल्या हातासारखी. आधी वाटलं, कागदाची घडी असेल. पण ती खालच्या कागदावरही होती. त्याखालच्यावरही.

“ही चीर आहे! दगडाला गेलेली चीर! कागद कसाही ठेवा हो, चीर थोडीच हलते? आणि मी बसलेय कागदाच्या कडा जुळवत!”

मग एकेक कागद हळूच सरकवत ती चिरेवर चीर आणत गेली. शेवटचा कागद बसला आणि गुंता सुटला. आकारात आकार. मधोमध मसुराच्या दाण्याएवढा ठिपका, त्याभोवती वर्षावर्षाच्या रेघा, एकीला लागून दुसरी, नखाच्या कडेएवढ्या अंतराने. एका जागी दोन रेघा जवळजवळ चिकटल्या होत्या. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘पाऊस नाही’. तिच्या तळव्याखाली एक आख्खं आयुष्य पसरलं होतं, आणि ते उजळून निघालं होतं.

भोंग्याने मान वर केली.

“मॅडम... ते अजून असेल?”

मूळ कागद बाहेर न्यायला बंदी, म्हणून तिने शेवटच्या कागदाची नक्कल गिरवून घेतली आणि दोघी मागच्या जिन्याकडे धावल्या. पायरीवर एक विद्यार्थी फोनमध्ये डोकं घालून बसला होता.

“दादा, उठा उठा! तुम्ही प्रयोगावर बसलायत!”

तो भांबावून उठला. दगडफूल होतं! भोंग्याने गुडघे टेकून चिरेवर चीर ठेवली. कागदावरच्या रेघेबाहेर, चहूबाजूंनी, तांदळाच्या दाण्याएवढी नवी कड पसरली होती. बाई गेल्या होत्या, बघायला कुणी नव्हतं, आणि ते आपलं वाढतच होतं. भोंग्याच्या अंगावर सरसरून काटा आला.

मॅडमकडून कोरा कागद घेऊन तिने ती नवी कड स्वतः गिरवली. खाली तारीख घातली.

“घ्या, ठेवा पेटीत.”

“नाही ठेवता येणार. त्या पेटीत फक्त बाईंचे कागद. दुसऱ्याचा चिटोराही त्यात मिसळायचा नाही, हा आमचा नियम.”

भोंग्याचं तोंड एवढंसं झालं.

“तुला वेगळी पेटी लागेल,” मॅडम म्हणाल्या. “पण एका कागदासाठी मी पेटी काढत नाही हं. पुढच्या वर्षी दुसरा आणणार असशील, तर बोल.”

संध्याकाळी आई दवाखान्यातून आली, ती पर्स खाली ठेवायच्या आधीच विचारती झाली, “काय गं, ठरलं ना?”

“ठरलेलंच आहे, विचारतेस काय,” बाबा म्हणाले.

“ठरलं,” भोंगा उठून उभी राहिली. “आई, बाबा, मी दातांची डॉक्टर होणार नाही. मी जीवशास्त्र शिकणार, आणि तेही इथल्याच विद्यापीठात. तिथल्या एका पायरीवर मला दरवर्षी जायचंय. आणि हे काम लवकर संपणारं नाही, ते आत्ताच सांगून ठेवते.”