एकेचाळिसाव्या पानावरचं वाक्य

पेन्सिल टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होती, तिच्या टोकाशी दातांचे बारीक व्रण, पिवळा रंग मधे मधे उडून आतलं लाकूड उघडं पडलेलं. नोमिन काल ती विसरून गेली असावी. उचलून ठेवावी म्हणून व्हर्नानं हात पुढे केला आणि तो निम्म्या वाटेवरच थांबला, सवयीनं... पेन्सिल विद्यार्थ्याच्या बाजूला, शिकवणाऱ्याचे हात आपल्या बाजूला, शक्यतो कॉफीच्या कपाभोवती. या खोलीचा हा नियम तिनंच घातला होता, आणि तो तिच्या अंगात इतका मुरला होता की खोलीत दुसरं कुणी नसतानाही मोडवत नव्हता. चव्वेचाळीस वर्षं. दूरदेशीची मुलं इंग्रजी लिहिताना अडली की इथे यायची, आणि आपण फक्त विचारायचं – तुला काय म्हणायचंय? – आणि मग गप्प बसायचं. ती शोधत असताना खिडकीबाहेर बघायचं, म्हणजे त्यांना अवघडल्यासारखं होत नाही. 

खिडकीबाहेर एप्रिल संपत आला होता. ग्रंथालयामागच्या उतारावर बर्फाचा एक शेवटचा मळकट ढीग अजून हट्टानं बसला होता आणि त्याला वळसा घालून मुलं अर्ध्या चड्ड्यांमध्ये हिंडत होती, जणू जुलै आला. व्हर्नाला हसू आलं. दरवर्षी येतं. थर्मासमधली कॉफी, सकाळचं ऊन, समोर कुणाचं तरी लिहिलेलं... मला आयुष्यात याहून जास्त काही हवं होतं का? असेल कधी. आता आठवत नाही.

समोर नोमिनचा ऑनर्सचा प्रबंध होता, सत्तर पानांचा, आणि त्याच्यावर एक सुटा कागद – हमीपत्र. भाषेच्या खोलीत येणाऱ्या मुलाचा प्रबंध या कागदाशिवाय ऑनर्सच्या कचेरीत घेत नाहीत. 'या प्रबंधातलं एकही वाक्य मी पुरवलेलं नाही', खाली शेऱ्यासाठी चार कोऱ्या ओळी, आणि मग सही. आज चार वाजेपर्यंत दोन्ही कचेरीत पोचायला हवं होतं. कागदावर सही नसली तर प्रबंध समितीकडे जातो, समिती सावकाश बसते, तोवर पदवीदान होऊन जातं. आणि मिनेसोटातल्या विद्यापीठानं नोमिनला जागा दिली होती ती ऑनर्स मिळालं तर, अशा बोलीवर. नाहीतर जूनमध्ये विमान आणि मंगोलिया.

अशा कागदांवर व्हर्नानं शेकड्यांनी सह्या केल्या होत्या. आज तिला वेळ होता म्हणून तिनं प्रबंध पहिल्यापासून वाचायला घेतला – बर्फाखालचं गवत जनावरांना सापडत नाही अशा एका हिवाळ्यात नोमिनच्या मुलखातल्या बायकांनी काय केलं, त्याची हकिगत – आणि एकेचाळिसाव्या पानावर तिची नजर अडकली.

'वाईट हिवाळ्यानंतर आमच्याकडे किती उरली असं कुणी विचारत नाही. कोण कोण उरलं असं विचारतात.'

हे माझं आहे.

तिनं पुन्हा वाचलं. माझंच – म्हणजे माझ्या आईचं. एकोणीसशे अठ्ठावन्नचा ऑक्टोबर, गोठ्याला आग लागली ती रात्र सरून उजाडत होतं, मी नऊ वर्षांची, स्वयंपाकघरातल्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पांघरूण गुंडाळून बसलेले, आणि वडील दारात आले, भुवया जळलेल्या, तोंड काळं. आई चुलीपाशी उभी होती. बावीस गाई होत्या आमच्या. किती वाचल्या असं आईनं विचारलं नाही. तिनं विचारलं, कोण कोण आहे? आणि वडील दाराच्या चौकटीला टेकून एकेका गाईचं नाव घ्यायला लागले...

हे मी नोमिनला सांगितलं होतं. शरद संपत आला होता, रेडिएटर ठणठणत होता, ती त्या परिच्छेदावर वीस मिनिटं अडून बसली होती आणि माझ्याच्यानं गप्प राहवलं नाही. हात कपाभोवतीच होते. तोंडानं बोलले मी! नियमात तोंडाबद्दल काही लिहिलेलं नाही, पण पळवाट ती पळवाटच... आणि पुन्हा, पुन्हा तेच करून बसलीस, व्हर्ना.

पुन्हा – कारण सियामक. एकोणऐंशी सालचा वसंत, तेव्हा ही खोली नव्हती, व्हर्नाच्या घरचं जेवणाचं टेबल होतं, कडेवर लहानगी, आणि समोर हा इराणी मुलगा, इतका हुशार, इतका नीट दाढी केलेला, ज्याच्या घरून तीन महिन्यांत पत्र आलं नव्हतं. त्याचा ऑनर्सचा निबंध तिनं हातात घेतला आणि मायेच्या भरात पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पुन्हा लिहिला. समितीला शंका आली. त्यांनी त्याला एका खोलीत बसवलं, कोरे कागद दिले, एक तास दिला. त्या तासात त्यानं जे लिहिलं ते खरं होतं, सरळ होतं – व्हर्नानं ते नंतर पाहिलं – पण त्याची चाल वेगळी होती. ऑनर्स गेलं. सियामक तिच्या दारात आला तो रागावून नव्हे. पिस्त्यांची पुडी आणली होती त्यानं. म्हणाला, "तुमचा हात फार सुंदर आहे, मिसेस टॉलेफसन. म्हणूनच ओळखू आला." समितीपुढे जाऊन, हात माझा होता, हे तिनं कधी सांगितलं नाही. कुणी विचारलं नाही, हे खरं. पण त्या वर्षीच्या शरदात तिनं ग्रंथालयाच्या तळघरात एक टेबल मागून घेतलं आणि पेन्सिलीचा नियम घातला, आणि सगळे म्हणाले, केवढी तत्त्वाची बाई.

"अंडी उबवतेयस का?"

दारात लाइल उभा होता, ग्रंथालयाच्या पुढच्या टेबलावर पुस्तकं देणारा, तिच्याहून दोन वर्षांनी लहान आणि ते रोज ऐकवणारा. हातात बशी, बशीत रूबार्बच्या आंबट देठांची वडी.

"सकाळपासून एकाच पानावर बसलीयस, व्हर्ना. बघतोय मी तिथून."

"पुस्तकं बघ. त्याचा पगार मिळतो तुला."

"ती कुठं पळून जातायत? हे खा, बायकोनं दिलंय. साखर कमी पडलीय, पण तसं म्हणायचं नाही." तो हमीपत्राकडे वाकला. "सही राहिली की! एवढ्या ठोकल्यास, आजच हात दुखला?"

"लाइल, तुझी स्मरणशक्ती कशी आहे?"

"मस्त. का, काल काय विचारलं होतंस?" असं म्हणून तो आपल्याच विनोदावर खुशीत हसत निघून गेला. 

वडी आंबट होती आणि चांगली होती. एकीकडे सहीची भीती आणि एकीकडे जिभेला रूबार्ब आवडतोय, हे दोन्ही एकाच वेळी एकाच बाईला कसं होतं, याचं तिला नवल वाटत राहिलं.

नोमिन अकराला आली ती धापा टाकत. "बाग्शा!" – तिच्या भाषेत बाई. टॉलेफसन म्हणताना पहिल्याच दिवशी तिची जीभ अडखळली, तेव्हापासून हेच. "झाली सही?"

"बस. एकेचाळिसावं पान काढ."

"आता? नको ना, बाग्शा! आता चूक काढलीत तर मी इथंच रडेन."

"चूक नाही. मधलं वाक्य वाच. हे कुणाचं?"

नोमिननं वाचलं, आणि हे काय विचारणं झालं, अशा नजरेनं वर पाहिलं. "आजीचं."

"गोठ्याच्या आगीची गोष्ट मी तुला सांगितली होती."

"हो की. पण ती मागाहून. मी आधी आजीचं सांगितलं, मग तुम्ही एकदम गप्प झालात, आणि मग आई, आग, सगळं सांगितलंत. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी घाबरले, म्हटलं मी असं काय बोलले!"

"मी आधी सांगितलं, नोमिन."

"नाही हो."

"माझी आठवण पक्की आहे."

"माझ्या आजीचीही पक्की आहे. मी लहानपणी घोड्यावरून पडले असं ती सगळ्यांना सांगते. पडला होता माझा भाऊ. मी बाजूला उभी राहून हसत होते."

व्हर्नाला हसायचं नव्हतं, पण हसू आलं. मग चव्वेचाळीस वर्षांत नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं ते तिनं सांगितलं – जेवणाचं टेबल, कोरे कागद, पिस्ते. नोमिन ऐकत होती आणि ऐकताना, बहुधा आपल्याला काय सांगितलं जातंय ते कळत गेलं तशी, तिची बोटं कोटाच्या बाहीत आत आत जात होती.

"म्हणजे तुम्ही सही करणार नाही."

"एकही वाक्य पुरवलं नाही, असं माझ्यानं लिहवत नाही. आणि पुरवलं, असंही नाही. मला माहीतच नाही. शेरा लिहिता येईल, पण शेरा वाचून त्यांनी तुला बोलावलं, तर मिनेसोटा..."

"माहितेय." नोमिन एकेचाळिसावं पान पुन्हा वाचायला लागली. व्हर्ना सवयीनं खिडकीबाहेर बघत राहिली. "त्या सियामकला कुणी विचारलं, हे तुला कुठून सुचलं म्हणून?"

"नाही. कोरे कागद दिले."

"मग मला विचारू देत की ते. आजीचं नाव सांगेन, गाव सांगेन, हवं तर फोन लावून देईन, ती तर सोडणारच नाही त्यांना." तिनं खुर्ची टेबलाजवळ ओढली. "दोन वर्षं या खुर्चीत दुसरं काय केलंत तुम्ही? तुला काय म्हणायचंय, तुला काय म्हणायचंय! मला स्वप्नात ऐकू येतं ते, बाग्शा. लिहा. जे आहे ते लिहा. फक्त लवकर, एक वाजता माझी लॅब आहे."

शेऱ्याच्या त्या चार ओळींमध्ये इतक्या वर्षांत व्हर्नानं एक अक्षर लिहिलं नव्हतं. तिनं आपलं पेन काढलं. 'पान ४१ वरचं एक वाक्य विद्यार्थिनीच्या आजीचं आहे किंवा माझ्या आईचं. आधी कोण बोललं, हे आम्हा दोघींना वेगवेगळं आठवतं. बाकी एकूण एक वाक्य तिचं.' आणि सही केली. नोमिननं ते वाचलं, ओठ घट्ट मिटले, कागद प्रबंधात घातला, प्रबंध कोटाच्या आत, आणि खिडकीतून दिसलं तेव्हा ती उतारावरून जवळजवळ पळत होती.

खोली पुन्हा शांत झाली. समिती बोलावेल, कदाचित बोलावणारही नाही. व्हर्नानं उरलेली कॉफी ओतली आणि डोळे मिटले, आणि तिला आईचा आवाज ऐकायचा होता – तो एक प्रश्न, तिच्या तोंडून, तिच्या गावठी नॉर्वेजियन हेलात. वडील दारात आले. आई चुलीपाशी वळली. आणि तिचे ओठ हलले, पण... ती काय म्हणाली? हात धू, म्हणाली असेल. काहीच म्हणाली नसेल. तो प्रश्न गेल्या शरदात कुठल्याशा दूरच्या गवताळ मुलखातून आला आणि पासष्ट वर्षं मागे जाऊन आमच्या स्वयंपाकघरात बसला, असंही असेल. चोरी झाल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट आईच्या बाजूला आता आणखी कुणीतरी उभं आहे, हात पदराला पुसावे तसे कशाला तरी पुसत, आणि आईला त्याची अडचण होत नाहीय, असं तिला वाटत होतं.

या टेबलावरून आपलं काही पलीकडे जाऊ नये, म्हणून एवढी वर्षं हात कपाभोवती धरून बसले मी. पलीकडून अलीकडे काय काय येत होतं, ते कधी पाहिलंच नाही. नाही म्हणण्याआधी क्षणभर थांबायचं – हे आमच्या घरात कुणी करत नव्हतं. ते मी कुणाकडून घेतलं? पेला दोन्ही हातांनी पुढे करायचा, ही सवय कुणाची? तिनं आठवून पाहिलं, चेहरे बरेच आले, नक्की कुठला ते कळेना... आणि कळत नाही याची तिला आज, पहिल्यांदाच, काही घाई वाटली नाही.