नजहाचे पातेले पुन्हा चुलीवर

मित्रांनो, मी जुबैल बंदरामागच्या गल्लीतले एक जुने, भलेमोठे तांब्याचे पातेले आहे. त्रिपोलीच्या तांबट बाजारात हातोडीचे घाव सोसून मी घडले आणि नजहा नवरी होऊन या घरी आली तेव्हा तिच्याबरोबर आले. गल्लीत बाळ जन्मले की माझ्यात मेघली शिजायची. तांदळाच्या पिठाची, शहाजिऱ्याच्या वासाची ती तपकिरी खीर! नाताळात तर बाळ येशूच्या जन्माची म्हणून ती साऱ्या गल्लीला वाटली जाई.

पुढे तरुण मंडळी परदेशी गेली, पाळणे हलेनासे झाले. माझी कल्हई उडाली. मग मला दाराशी ठेवून माझ्यात फुलझाड लावले. नाताळात गावचा जुना किल्ला बघायला आलेले पाहुणे माझे फोटो काढत. मला मेली लाज वाटायची.

यंदा नजहाचा मुलगा शादी आपली तान्ही लेक पर्ला हिला घेऊन माँट्रियलहून नाताळाला घरी आला. तिच्या जन्माची मेघली गल्लीने अजून खाल्ली नव्हती.

"आई, तयार पाकीट मिळतं की," शादी म्हणाला.

"तुझ्या वेळी पाकीट फोडलं होतं का रे मी?" नजहा कडाडली.

तिने माझ्यातली माती उपसली आणि मला थेट त्रिपोलीला नेले. कल्हईवाल्याने माझ्यात उभे राहून, कंबर हलवत, पायांनी वाळू घासून मला लख्ख केले. नवी कल्हई चढली. मी पुन्हा कामाचे झाले!

नाताळच्या सकाळी नजहा मेघली ढवळायला बसली. नणंद अदला शेजारीच होती.

"वहिनी, झेपेल ना? तळाला लागली तर नातीच्या मेघलीला जन्मभर नावं ठेवतील लोक."

"तू आधी वाट्या धू!"

मेघली घट्ट होत आली आणि चर्चची घंटा वाजली. सवयीने नजहाचा हात क्रूस करायला कपाळाकडे गेला. पळी सुटली! पीठ तळाशी धरू लागले.

"अगं, देव थांबेल, मेघली नाही थांबायची!" ओरडत अदलाने पळी पकडली. मग दोघी आळीपाळीने ढवळत राहिल्या.

सारी गल्ली वाट्या घेऊन जमली. अदलाने तळापर्यंत पळी घातली, चाखली आणि ओरडली, "नाही लागली!" बायकांनी आनंदाची लांबच लांब ललकारी दिली. नजहाने पर्लाला उंच धरले. नजहा रडत होती, हसतही होती.

मित्रांनो, आम्हां जुन्या भांड्यांना जपायचे असेल तर कल्हई करा आणि चुलीवर चढवा. त्या दिवशी माझ्यात खरवडायलाही काही उरले नव्हते.