एक काना

“बाबाने माझी दात पाडला.”

“‘माझी दात’ नाही रे सोन्या, ‘माझा दात’. आणि ‘पाडला’ नाही, ‘पडला’. म्हण बघू, माझा दात पडला.”

सकाळपासून सासूबाई अनीशची शिकवणी घेत होत्या. सहा वर्षांचं पोर, कलकत्त्यात बागबाजारच्या गल्लीत वाढलेलं. घराबाहेर पाऊल टाकलं की बंगाली. मराठीत दात ‘तो’ की ‘ती’, त्याला काय ठाऊक! पण क्रियापद त्याने अगदी अचूक धरलं होतं. हे घरात फक्त मला कळत होतं. कळत सगळ्यांनाच होतं म्हणा.

आदल्या संध्याकाळी उन्मेष, माझा नवरा, त्याच्याकडून पाढे म्हणून घेत होता. बे सक बाराला गाडी अडली. पुन्हा तिथेच अडली, आणि बापाने थोबाडीत एक ठेवून दिली. दात फरशीवर पडला. अनीशचा पहिला दात. पोरगं रडलंसुद्धा नाही, तोंडात बोट घालून जागा चाचपत राहिलं.

“दुधाचाच तर होता! हलत होता, आज ना उद्या पडायचाच,” सासूबाई म्हणाल्या आणि दात मोगऱ्याच्या कुंडीत पुरून मोकळ्या झाल्या.

“हलत नव्हता, आई,” मी म्हटलं.

“ऋता, उगाच राईचा पर्वत करू नकोस,” उन्मेष म्हणाला.

माझं माहेर आजोबांपासून कलकत्त्याचं, आणि सासूबाई पडल्या पुण्याच्या. मी काही बोलले की त्या आधी व्याकरण तपासतात. अर्थापर्यंत कधी पोचतच नाहीत. तेही अंगवळणी पडलं. पण माझ्या पोराने स्वतःवर बेतलेलं स्वतःच्या तोंडाने सांगितलं, तर तेसुद्धा या बाईने चुकीचं ठरवावं? माझ्या मस्तकात तिडीक गेली. ठरवलं, आता बोलायचं ते चारचौघांतच.

शिकवणी झाली त्याच संध्याकाळी मराठी मंडळातले जयप्रकाशकाका आणि सरलाकाकू आले. सासूबाईंनी पोहे केले होते. काकूंनी अनीशला जवळ ओढलं.

“अगंबाई, खिडकी उघडली की! दाताला काय झालं रे?”

अनीशने आधी बापाकडे पाहिलं, मग आजीकडे.

“माझा दात पडला.”

“शाब्बास!” उन्मेषने त्याचे केस विस्कटले. हात तोच, उजवा.

मी चहाचा ट्रे खाली ठेवला.

“पडला नाही, काकू. पाडला.”

शब्द स्वच्छ आला. काकूंचा चमचा बशीतच थांबला. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं, पोचलं एकदाचं. आता विचारतील, कोणी?

तेवढ्यात अनीश माझी ओढणी ओढायला लागला. चेहरा घाबराघुबरा.

“पाडला नाही, आई,” तो कळवळून म्हणाला. “पडला म्हणायचं. आजी रागावेल तुला.”

आधी सासूबाई हसल्या, मग काका. काकूसुद्धा सुटल्यासारख्या हसल्या. “घ्या! लेकाने आईला मराठी शिकवलं!” सगळे हसतायत म्हणून अनीशही हसला, त्या रिकाम्या जागेसकट.

“म्हण ना, आई.”

मी म्हटलं नाही. काकूंना पोह्यांवर पिळायला लिंबू हवं होतं, ते आणायला आत गेले.