मी पुसलेली सही

अहो, हा घोंघावणारा पंखा ऐकू येतोय ना? त्याच्यामागे बसलोय तो मी, संगणकातलं ग्राफिक्स कार्ड. जीव टांगणीला लागलाय, म्हणून भराभरा सांगतो.

पडद्यावरचं चित्र म्हणजे नुसते ठिपके. मुख्य प्रोसेसर मोठा हुशार, पण एका वेळी मोजकीच कामं करणारा. माझ्यात मात्र हजारो छोटे कामकरी. प्रत्येकाने आपापला ठिपका रंगवायचा, सगळ्यांनी एकदम. डोकं कमी, हात फार!

आधी एका कॉलेजकुमाराकडे होतो. त्याच्या खेळातल्या गाड्या पळवल्या आणि तो हरला की शिव्याही खाल्ल्या. मग एका दवाखान्यात शरीराच्या आतली चित्रं जुळवली. तिथून जुन्या बाजारात, आणि बाजारातून ताईकडे. ताई शिवणकाम करते, भरतकामाची नक्षी संगणकावर काढते.

आज तिने वडिलांचा एकुलता एक फोटो काचेसकट स्कॅन केला. काचेला चिकटला होता, स्कॅननंतर सोडवायला गेली तर फोटोचे तुकडेच पडले. मग कपड्यांवरचे डाग काढायची सवय! "सगळे डाग काढ रे बाबा," म्हणत तिने बटण दाबलं. शेजारच्या ठिपक्यांशी जुळत नाही तो डाग, एवढंच मला शिकवलेलं. मी क्षणात चेहरा लख्ख केला.

आई बघायला आली. बराच वेळ बघत राहिली.

"छान दिसतायत. पण माझी सही कुठंय?"

"कसली सही गं?"

"गालावरचा डाग. नवीन लग्न झालेलं, माझ्या हातून गरम तेल उडालं. मी रडत बसले, तर म्हणाले, 'वेडे, ही तुझी सही. आता मी हरवलो तरी ओळखशील.'"

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. "आई, मी जुन्या फाइलवरच सेव्ह केलं गं!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हुकूम ताईचा, पण पुसणारे हात माझे. दवाखान्यात बारीकसा ठिपकाही जपणारा मी, इथे माणसाची खूण कचरा समजलो.

पण ताई, तो डाग असलेला चेहरा अजून माझ्याजवळ आहे गं! फोटो उघडा आहे तोवरच. केलेला बदल मागे नेणारा तो 'अनडू'चा वाकडा बाण एकदा दाब. वीज गेली की माझी पाटी कोरी.

बोलता येत नाही, म्हणून जिवाच्या आकांताने पंखा फिरवला.

"हे पण तापलंय मेलं," ताई डोळे पुसत म्हणाली. "बंदच करते."

तिचं बोट बटणावर आलंय. आई, तू तरी म्हण ना, थांब!