खिडकीतली बाई आज कशाने मेली?

धाकट्याला बोलायला कुणाला शिकवावं लागलं नाही, थांबायला शिकवायचं मात्र राहून गेलं, असं त्याची वहिनी म्हणायची. शहराच्या सगळ्यात जुन्या भागात तो लोकांना पायी फिरवायचा, जुन्या वेशी, विहिरी, घरं दाखवायचा, आणि शेवटी सगळी वरात आपल्याच घरासमोर आणून उभी करायचा. घर जुनं होतं खरं, पण त्याला इतिहास असा काही नव्हता. तो धाकट्याने दिला.

"ती वरची खिडकी बघा," तो आवाज खाली आणून सांगायचा. "तिथे एका व्यापाऱ्याची बायको जन्मभर नवऱ्याची वाट बघत बसली."

त्या खिडकीत वहिनी बसलेली असायची. ती लोकांचे कपडे उसवून, आवळून, नीट करून द्यायची आणि शिलाई मशीनला उजेड तिथेच होता. खालच्या माना एकदम वर झाल्या की ती चटकन मागे सरकायची. मग संध्याकाळी दिराची हजेरी घ्यायची.

"भावजी, आज ती बाई कशाने मेली म्हणालात?"

"विरहाने."

"मंगळवारी तर विहिरीत पडली होती."

"माणसं बघून सांगावं लागतं, वहिनी. मंगळवारी कॉलेजची पोरं होती."

"बिचारीला एकदा सुखाने मरू द्या."

वरून वहिनीला आणखीही काही दिसत होतं. निळा स्कार्फ घेतलेली एक मुलगी दर आठवड्याला त्या घोळक्यात असायची. धाकट्याला याचा पत्ताच नव्हता. एकदा बोलायला लागला की त्याला माणसं दिसत नसत, नुसते कान दिसत.

चौथ्यांदा ती दिसली तेव्हा वहिनीने ओठांत धरलेल्या टाचण्या काढल्या आणि खिडकीतून वाकून हाक मारली, "अहो, ऊन काय मी म्हणतंय! सगळे वर या, पाणी प्या."

"या वास्तूत सहसा प्रवेश नसतो," धाकटा घाईघाईने म्हणाला. तोवर लोक जिना चढायलाही लागले होते.

वर त्या दुःखी खोलीत मशीन होतं, आखूड करायच्या पँटींचा ढीग होता आणि दोरीवर दोन बनियन वाळत होते.

"हे त्या व्यापाऱ्याचे का?" एका आजोबांनी आदराने विचारलं.

"नाही हो, माझ्या दिराचे," वहिनी पेले भरत म्हणाली. "हे काय, तुम्हाला फिरवतायत तेच."

खोलीभर हशा पिकला. धाकटा लाजून लालबुंद झाला.

वहिनीने निळ्या स्कार्फवालीच्या हातात पेला दिला. "तुम्हाला इतिहासाची फारच आवड दिसते. चौथी खेप ना?"

"इतिहासाची नाही," ती हसून म्हणाली. "मी दातांची डॉक्टर आहे. दिवसभर समोरच्याचं तोंड उघडं असतं, पण बोलत कुणीच नाही. इथे ती बाई दर वेळी नव्याने मरते. ऐकायला मजा येते."

"म्हणजे तुम्ही विहीरही ऐकलीत?" धाकट्याने दबक्या आवाजात विचारलं.

"विहीर, विरह, साप. सापाच्या वेळी मला खरंच वाईट वाटलं."

तो रिकाम्या पेल्यातूनच पाणी प्यायला.

"भावजी, तुमची अक्कलदाढ दुखत होती ना?" वहिनी म्हणाली.

"माझी? मला कुठे अजून—"

"नाहीच का आलेली? मग तर दाखवायलाच हवी."

"शनिवारी दुपारी गर्दी नसते," डॉक्टर म्हणाली आणि पेल्यात बघून हसली.

शनिवारी तो गेला. दाढेचं काही निघालं नाही, पण शेजारचा एक दात चांगलाच किडलेला होता. त्यामुळे त्याला तोंड वासून बराच वेळ गप्प पडून राहावं लागलं. तेवढ्या वेळात ती आपल्या गावाबद्दल, भावंडांबद्दल, दवाखान्यातल्या रडूबाई पेशंटांबद्दल बोलत राहिली. आणखी दोनदा यावं लागेल, असंही तिने सांगितलं.

घरी आला तेव्हा त्याचा अर्धा गाल बधिर होता.

"वहिनी," तो बोबडं बोलला, "ती फार छान बोलते गं."

"काय म्हणाली?"

तो पँटींच्या ढिगाशेजारी बसला आणि जसं ऐकलं होतं तसं, पदरचं काही न घालता सांगू लागला. वहिनीने मशीन थांबवलं.