छताची रेषा

उजव्या अंगठ्याच्या नखाखाली एक तपकिरी रेघ राहिली होती – साबणाला दाद न देणारी, मेणासारखी चिकट. कणीक मळायला घेताना ती दिसली आणि उत्कर्षानं हात मागे घेतला. काल स्टुडिओत गाडीच्या मातीच्या मॉडेलवरचं कापड काढताना लागली असणार. भट्टीत तापवली की लोण्यासारखी मऊ होणारी, निवली की पत्र्यासारखी ठाम राहणारी ही माती ती इतकी वर्षं हाताळत होती, खऱ्या मापाच्या गाड्या घडवत होती. त्या गाड्या पुढे पत्र्याच्या होऊन रस्त्यावर आल्या. एकच आली नाही.

"आज ती सेडान मोडणार आहेत," ती म्हणाली.

"कुठली?" जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडत केदारनं विचारलं, मग तिच्याकडे बघून, "अच्छा. ती." थोडा थांबला. "वाईट झालं… गॅसवाला आज येणारे का गं?"

यात रागावण्यासारखं काहीच नव्हतं. तेच तर… केदारवर रागावण्यासारखं कधीच काही नसायचं.

कंपनीची बस चांदणी चौकात अडकली, तेव्हा तिला लग्नाआधीचा तो दुसरा केदार आठवला – बाह्या दुमडलेला, कानामागे पेन्सिल खोचलेला, मॉडेलपाशी उभं राहून मान हलवणारा. गाडी मोठी होती, मालकानं मागे बसावं अशी, आणि त्या मागे बसणाऱ्या माणसाची काळजी केदारकडे होती. गाडीच्या दिसण्याची उत्कर्षाकडे. छत पुढच्या काचेवरून उठून मागे डिकीकडे उतरतं ती एक रेषा – ती तिला आणखी खाली हवी होती, फक्त सहा मिलिमीटर.

"नाही," तो म्हणाला होता. "मागे बसणाऱ्याचं डोकं लागेल."

"सहा मिलिमीटरनं?"

"तुम्ही बसून बघा." प्लायवूडच्या सांगाड्यात त्यानं तिला मागे बसवलं, शेजारी स्वतः बसला, त्याचे केस वरच्या फळीला टेकत होते. "एवढे पैसे मोजून माणूस मान वाकवून बसणार नाही."

"आणि बाहेरून बघणारा?"

"बाहेरून बघणारा गाडी विकत घेत नाही, मॅडम."

ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशीही. तो चिडायचा, आकडे मांडायचा, तीही चिडायची, आणि घरी गेल्यावर उद्या काय बोलायचं ते मनात घोळवत जेवायची. मग एके दिवशी तो आपणहून आला, डोळे जागरणानं लाल. पेट्रोलची टाकी त्यानं चपटी केली होती, सीट खाली घेतली होती. "चार देतो. सहा नाही." त्या चारमध्ये तिनं ती रेषा उतरवली. मातीवर चकचकीत फिल्म चढवली, आणि स्टुडिओच्या दिव्यांची प्रतिबिंबं पुढून मागे कुठेही न अडखळता वाहत गेली. केदार बराच वेळ बघत राहिला. तेव्हा ती दोघं एकमेकांना 'तुम्ही' म्हणायची – आणि त्या 'तुम्ही'त किती जवळीक होती, हे तिला 'तू' म्हणायला लागल्यावर कळलं.

लग्न झालं, त्याच वर्षी कंपनीनं त्या गाडीचा प्रकल्प गुंडाळला. केदारनं नोकरी सोडली, विमा कंपन्यांचं सॉफ्टवेअर करू लागला, घरूनच. "जे होणारच नाही त्यासाठी भांडायचं बळ नाही माझ्यात," म्हणाला. त्यानंतर तो कशासाठीच भांडला नाही. पडद्यांचा रंग – तुला हवा तो. दिवाळीत यवतमाळला की इथेच – तू म्हणशील तसं. मूल नको, असं तिनं एकदा म्हटलं, तेव्हाही… तेव्हाही तो म्हणाला, "तुला योग्य वाटेल तसं," आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती वाट बघत राहिली. का, म्हणून विचारेल. चिडेल.

स्टुडिओत श्यामसर हातमोजे घालून तयार होते. "जागा हवीय हो," ते म्हणाले. "लोकांना आता उंच गाड्या पाहिजेत. वाकून आत शिरायला गुडघे कुणाचे राहिलेत? पहिला हात तुम्ही मारा, उत्कर्षा. तुमची आहे ती."

तिनं आधी नुसता तळवा फिरवला, डोळे मिटून. डोळ्यांना फसवता येतं, तळव्याला नाही. छत उठलं, उतरू लागलं, मागच्या दारावर आलं – आणि तिथे हात आपोआप हळू झाला. मग तिनं खरवडणी टेकवली. मातीची लांब सालपटं निघत राहिली, आणि तिला वाटलं होतं तसं रडू आलं नाही. आपण या छतासाठी अडून बसलो होतो, एवढंच मनात येत राहिलं. ते हवं होतं, तसं बोलून दाखवलं होतं, त्यानं नाही म्हटल्यावर पुन्हा मागायला गेलो होतो. घरी असं कधी गेलो? घरी आपण ठरवलेलं सांगून टाकतो… आणि त्यानं हो म्हटलं की रुसतो.

संध्याकाळी केदार गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होता.

"मोडली?"

"हो."

"छत कुणी काढलं?"

"मी."

तो चिमटे गोळा करत राहिला. "पाच दिले होते ना मी शेवटी?"

"चार."

"पाच. टाकी चपटी केल्यावर एक जास्तीचा निघाला होता."

"चारच होते, केदार. मी हातानं घडवलंय ते."

"अगं, ड्रॉइंग माझं होतं!" आवाज थोडा चढला – तो जुना, पेन्सिल खोचलेला आवाज. मग लगेच खाली आला. "असतील. चार असतील."

"नाही," उत्कर्षा म्हणाली, आणि गॅलरीच्या दारातच उभी राहिली. "सोडू नकोस. सांग, पाच कसे?"

त्यानं कपडे हातात तसेच धरून तिच्याकडे पाहिलं. खाली सोसायटीच्या फाटकाशी कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती. आपल्याला काय मागायचंय ते आता तिला ठाऊक होतं. छताहून मोठं होतं ते – मुलाबद्दलचं, दोघांनी न भांडता सोडून दिलेलं. ते मागितल्यावर तो काय म्हणेल, हे मात्र, कितीतरी दिवसांनी, तिला ठाऊक नव्हतं.